फ्रान्सच्या रणभूमींतून मोटारसायकलवर



सातारा, पुणें, रत्नागिरी या जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या गांवीं आपण गेलां, तर चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतींत बसविलेली एक लहानशी संगमरवरी पाटी दृष्टीस पडण्याचा संभव आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गांवांतून इतके लोक गेले व त्यांपैकीं इतके मरण पावले, एवढाच तिच्यावरील मजकूर. तोहि बहुधा इंग्रजींत. आंकडे आहेत, नांव एकाचेंहि नाहीं. आमच्या शेजारच्या गांवीं अशी एक पाटी आहे. त्याच गांवीं माझ्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी राहतात. त्यांच्या आजोबांचे थोरले बंधु खडकीच्या सॅपर्स पलटणींत होते. ते फ्रान्सला गेले आणि परत आले नाहींत. त्यांची खूण म्हणून सरकारांतून आलेली ब्राँझची एक वाटोळी चकती घरांत आहे. व्यास सुमारें बारा सेंटिमीटर. वर ब्रिटानिया देवी आणि सिंह, आणि रोमन अक्षरांत मृताचें नांव. हुद्दा नाहीं, पलटण नाहीं, गांव नाहीं. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या त्या युद्धानंतर तयार करण्यांत आल्या. ही चकती देव्हाऱ्यांत असते आणि दसऱ्याच्या दिवशीं कोयत्या-विळ्यांबरोबर तिलाहि हळदकुंकू लागतें.

गेल्या ऑक्टोबरांत मी उत्तर फ्रान्समध्यें मोटारसायकलनें फिरावयास निघालों, तेव्हां या गृहस्थांनीं चकतीवरील अक्षरें एका कागदावर उतरवून माझ्या हातीं दिलीं. "तुम्ही चाललांच आहांत त्या बाजूला, तर आमच्या थोरल्या आजोबांचा कुठें पत्ता लागतो काय, तें बघा," एवढेंच ते म्हणाले. तो कागद मीं अंगरख्याच्या आंतल्या खिशांत ठेवला.

मोटारसायकलनेंच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. हौस हें एक कारण होतेंच. परंतु दुसरेंहि होतें. त्या युद्धाची पश्चिम आघाडी उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारें सातशें किलोमीटर पसरली होती. तिचा एक तुकडा पाहावयाचा म्हटला तरी पायीं चालणाऱ्याला तो एका रजेंत उरकत नाहीं; आणि मोटारींत कांचेआड बसलेल्याला जमिनीचा चढउतार कळत नाहीं, वारा कळत नाहीं, चाकाखालची माती कळत नाहीं. त्या लढायांचें मर्म तर याच तीन गोष्टींत आहे. मीं पॅरिसला भाड्यानें घेतलेलें यंत्र योगायोगानें चेन्नईजवळच्या कारखान्यांत तयार झालेलें निघालें. गाडीवाल्यानें तें मला मोठ्या अभिमानानें सांगितलें, आणि मींहि तो अभिमान आपलाच असल्याप्रमाणें ऐकून घेतला.

तिकडे वाहनें उजव्या बाजूनें चालतात, ही संवय एका दिवसांत होते. दुसरा नियम मात्र जड जातो. ज्या चौकांत कोणतीच खूण नसेल तेथें उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. मग तो शेतांतून बीट भरून निघालेला ट्रॅक्टर कां असेना! शिरस्त्राणाप्रमाणें हातमोजेहि २०१६ पासून सक्तीचे आहेत. ऑक्टोबरांतल्या त्या वाऱ्यांत कायदा नसता तरी मीं ते घातलेच असते. साखरेच्या बीटाची काढणी चालू होती आणि ट्रॅक्टरांच्या चाकांनीं शेतांतला चिखल सडकेवर आणून टाकला होता. वळणावर पुढचें चाक एकदां असें निसटलें कीं, त्या मातीचा विचार यापुढें लक्षपूर्वक करावा असें मीं ठरवून टाकलें.

त्या वेळीं मला १९१४ च्या निरोप्यांची आठवण झाली. युद्ध सुरू होतांच इंग्लंडांतील कित्येक तरुण, त्यांत विद्यापीठांतले विद्यार्थीहि होते, आपापल्या मोटारसायकली घेऊन सैन्यांत दाखल झाले. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनीं तुटत. मग हुकूम पोंचवावयाचा कसा? तो या पोरांनीं पोंचवावयाचा. डग्लस आणि ट्रायम्फ या त्यांच्या नांवाजलेल्या गाड्या. ट्रायम्फचा ५५० सी. सी. चा एक नमुना तर सुमारें तीस हजारांच्या संख्येनें सैन्याला पुरविण्यांत आला. मागच्या चाकाला सांखळीऐवजीं पट्टा असे आणि तो पावसांत घसरे. रस्त्याच्या मधोमध दगडी फरसबंदी, दोहों बाजूंना चिखल. आघाडीजवळ दिवा लावण्याची सोय नाहीं. जेथें मोटारसायकल चालेना तेथें घोडा. १९१७ च्या डिसेंबरांत, एपेई गांवाजवळ, गोविंदसिंग नांवाच्या हिंदी स्वारानें वेढल्या गेलेल्या आपल्या पलटणीचा निरोप तीनदां पोंचविला. तिन्ही वेळां त्याचा घोडा मारला गेला आणि तिन्ही वेळां तो उरलेलें अंतर पायीं तोडून गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो वांचला.

आमिएं शहर सोडून पूर्वेकडे निघालें कीं सोम नदीच्या खोऱ्याची वरची भूमि लागते. लांब लांब, सावकाश चढणारे व सावकाश उतरणारे माळ. झाडी थोडी, कुंपण नाहीं. रस्त्याच्या कडेला खणलेला भाग पाहावा तर पांढरा शुभ्र. हा खडूचा दगड, शाळेंतल्या खडूसारखाच मऊ. तो सहज खणतां येतो, पण ढांसळत नाहीं, आणि पाणी त्यांतून निचरून जातें. जर्मनांनीं या दगडांत नऊ-दहा मीटर खोल तळघरें खोदलीं होतीं. इंग्रजांनीं आठवडाभर तोफा डागल्या, सुमारें पंधरा लाख गोळे ओतले. तळघरांतली माणसें मात्र वांचलीं. ता. १ जुलै १९१६ रोजीं सकाळीं साडेसातला इंग्रज पायदळ उठून चालूं लागलें, तों तीं माणसें यंत्रतोफा घेऊन वर आलीं. एका दिवसांत ५७,४७० माणसें कामास आलीं. त्यांतील १९,२४० मृत. लष्करी पुस्तकांत हा आंकडा मीं अनेकदां वाचला होता. परंतु इंजिन बंद करून त्या उघड्या उतारावर उभें राहिलें असतां दडावयास एक बांधहि दिसत नाहीं, तेव्हां तो आंकडा कसा झाला हें समजावून सांगावें लागत नाहीं.

लाँगव्हाल गांवाजवळ एक रान आहे. इंग्रज शिपाई त्याला हाय वुड म्हणत. आज तें पुन्हां दाट वाढलें आहे. ता. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळीं या रानाकडे, उभ्या पिकांतून, भाले सरसावून घोडदळ निघालें. त्यांत एक इंग्रज पलटण होती आणि दुसरी आपली डेक्कन हॉर्स. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटांतून निघालेली ही पलटण. नांव दक्षिणेचें, स्वार शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान. कांहीं जर्मनांना त्यांनीं भाल्यांनीं गांठलें, रात्रभर जागा धरून ठेवली, आणि पहांटे त्यांना मागें घेण्यांत आलें. त्या युद्धांत घोडदळाला आपलें मूळचें काम करण्याचा असा प्रसंग क्वचितच आला. एरवीं स्वारांनीं घोडे मागें ठेवून खंदकांतच दिवस काढले. मीं गेलों त्या दिवशीं तेथें नांगरट झालेली होती. शेताच्या बांधावर गंजलेले चारपांच तोफगोळे नीट रांगेनें मांडून ठेवले होते. नांगराला दरवर्षीं ते लागतात. शेतकरी ते बांधावर ठेवतो आणि सरकारी माणसें येऊन घेऊन जातात. तिकडे याला लोखंडाचें पीक म्हणतात. त्यांतले पुष्कळ अजून जिवंत असतात, तेव्हां प्रवाशानें हात लावूं नये हें उत्तम.

तिएपव्हालचें स्मारक दुरूनच दिसतें. विटांच्या कमानींवर कमानी चढविलेली ही इमारत १९३२ मध्यें पुरी झाली आणि तिच्यावर बहात्तर हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांचीं नांवें आहेत. शिल्पकार लटयेन्स, म्हणजे ज्यानें दिल्लीचें इंडिया गेट उभारलें तोच. मला ती इमारत प्रचंड वाटली, पण जवळची वाटली नाहीं.

आरास शहर ओलांडून उत्तरेस व्हिमीचा डोंगर आहे. कॅनडाच्या सैन्यानें तो १९१७ च्या एप्रिलांत घेतला. १९३६ चें त्यांचें शुभ्र स्मारक त्यावर आहे. सभोंवतालच्या गवतांत पाऊल टाकण्यास मनाई आहे, कारण आंत न फुटलेले गोळे आहेत. तें गवत मेंढ्या खाऊन आटोक्यांत ठेवतात. मेंढ्यांना या मनाईची माहिती कोणी दिली आहे असें दिसलें नाहीं.

तेथून थोड्याच अंतरावर लोरेतची टेकडी आहे. चाळीस हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक तेथें पुरलेले आहेत. त्या दफनभूमीशेजारीं ता. ११ नोव्हेंबर २०१४ रोजीं एक नवें स्मारक उघडण्यांत आलें. एक मोठें लंबवर्तुळ. त्याच्या आंतल्या बाजूला धातूचीं उंच पानें, आणि त्या पानांवर ५,७९,६०६ नांवें. फ्रान्सच्या या दोन उत्तरेकडील जिल्ह्यांत त्या युद्धांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या सैनिकांचीं हीं नांवें केवळ वर्णानुक्रमानें लावलीं आहेत. हुद्दा नाहीं, देश नाहीं. जर्मन, इंग्रज, फ्रेंच, हिंदी सगळे एका रांगेंत. सिंग या नांवाच्या ओळी तर संपतां संपत नाहींत. समतेचा हा प्रकार मला एकदम भावला आणि पांच मिनिटांनीं त्याचाच राग आला. कारण मीं खिशांतला कागद काढला, आणि तो कोणत्या अक्षराखालीं शोधावा हेंच समजेना. त्या काळच्या इंग्रज कारकुनाच्या हातून जाधव हें आडनांव रोमन लिपींत निरनिराळ्या प्रकारें उतरे, शिंद्यांचेंहि तसेंच. कोणाचें नांव आधीं, कोणाचें आडनांव आधीं, आणि कोणाला आडनांवच नाहीं. तासभर डोळे ताणून मी हरलों.

लोरेतच्या टेकडीवरून उत्तरेस पाहिलें म्हणजे पायथ्याशीं लाँसच्या कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या कचऱ्याचे काळे शंकु दिसतात, आणि त्यांच्यापलीकडे भूमि एकदम सपाट होते. हा उतार उतरून, ला बासेचा कालवा ओलांडून पुढें गेलों तेव्हां मला वेगळ्या देशांत आल्यासारखें वाटलें. पांढरा खडू संपला होता. काळपट, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती. रस्त्याच्या दोहों कडांना पाण्यानें भरलेले चर. विलोच्या छाटलेल्या बुंध्यांच्या रांगा. खेडीं विटांचीं आणि ठेंगणीं. हाच तो मुलूख, जेथें १९१४ सालीं आपल्या माणसांना आणून उभें केलें.

लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनांपैकीं पहिलीं माणसें ता. २६ सप्टेंबर १९१४ रोजीं मार्सेय बंदरांत उतरलीं. अंगांत खाकी सुती कपडे, पुढें युरोपचा हिवाळा. ऑर्लेआँमार्गें त्यांना उत्तरेस आणलें आणि महिनाभरांत तीं या चिखलांत होतीं. येथें दोन फूट खणलें कीं पाणी लागतें. म्हणून येथें खरा खंदक नाहींच. मातीच्या पोत्यांचे बांध रचावयाचे आणि त्यांच्यामागें गुडघाभर पाण्यांत उभें राहावयाचें. जर्मन मात्र समोरच्या ओबेरच्या धारेवर आणि तिच्या उतारावर. ही धार म्हणजे मोठी टेकडी असेल अशी माझी समजूत होती. मीं तिच्यावर गाडी घातली आणि चढ केव्हां सुरू झाला व केव्हां संपला हें कळलेंच नाहीं; गिअरहि बदलावा लागला नाहीं. सपाटीपासून ती फार तर वीसएक मीटर उंच असेल. रोज पर्वती चढणारा पुणेकर हिला चढण म्हणावयास तयार होणार नाहीं. परंतु माथ्यावर पोंचून मागें वळून पाहिलें, तों खालचें प्रत्येक शेत, प्रत्येक घर, प्रत्येक वाट उघडी दिसली. ज्याच्या पायांखालीं हे वीस मीटर, त्याचे पाय कोरडे आणि डोळे मोकळे. शिवाय त्याच्या चरांतलें पाणी वाहून खालच्याच्या चरांत जावयाचें. एवढ्या फरकासाठीं त्या मैदानांत वर्षभर माणसें मरत राहिलीं.

या मैदानांत नव्ह शापेल नांवाचें खेडें आहे. अर्थ ‘नवें प्रार्थनामंदिर’. आपल्याकडे नवी वाडी असावी तसें साधें नांव. १९१४ च्या ऑक्टोबर अखेर जर्मनांनीं तें घेतलें. ता. २८ रोजीं तें परत घेण्यास ज्यांना पाठविलें त्यांत ४७ वी शीख पलटण होती आणि खडकीच्या सॅपर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग लावणारा कसबी माणूस. असा माणूस घडवावयास वर्षें लागतात, आणि त्याला बंदूक देऊन उघड्या शेतांतून पळत पाठविणें ही शहाणपणाची गोष्ट नव्हे; परंतु दुसरें कोणी हाताशीं नव्हतें. शेतें ओलांडून ते गांवांत शिरले, घराघरांतून लढले, थेट चौकापर्यंत गेले. मदत आली नाहीं, आणि त्यांना परत फिरावें लागलें. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सर्व गोरे अधिकारी पडले. ठार व जखमी जवान शंभरावर. जे उरले त्यांनीं पुढच्या हिवाळ्यांत आपलें कसब निराळ्या रीतीनें दाखविलें. सैन्यापाशीं हातबाँब पुरेसे नव्हते, तेव्हां हिंदी कोअरच्या सॅपर्सनीं जॅमच्या रिकाम्या डब्यांत दारू ठासून ते तयार केले.

पुढें ता. १० मार्च १९१५ रोजीं याच गांवावर मोठा हल्ला झाला. साडेतीनशेंच्या आसपास तोफांनीं पस्तीस मिनिटें मारा केला आणि तासाभरांत गांव हातीं आलें. गढवाल रायफल्सचा गबरसिंग नेगी त्या सकाळीं खंदकांतून सर्वांच्या पुढें गेला आणि मारला गेला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस घरच्यांना मिळाला. तीन दिवस लढाई चालली. मिळालेली जमीन दोन किलोमीटरांहूनहि कमी खोल. ओबेरची धार जर्मनांच्याच हातीं राहिली. दोन्ही मिळून, गोरे व हिंदी, सुमारें साडेअकरा हजार माणसें पडलीं. त्यांत हिंदी कोअरचीं चार हजारांवर. वर्षअखेर हिंदी पायदळ येथून काढून मेसोपोटेमियाकडे पाठविण्यांत आलें.

स्मारक चौरस्त्यावरच आहे. शेजारून मालमोटारी धडधडत जातात. अर्धें वर्तुळ भरीव भिंतीचें आणि अर्धें दगडी जाळीचें. जाळी पाहून माणसाला क्षणभर अहमदाबादेस उभें असल्याचा भास होतो. मध्यें पंधरा मीटरांच्या आसपास उंचीचा, अशोकाच्या स्तंभांची आठवण देणारा खांब, माथ्यावर कमळ, पायथ्याशीं दोन बाजूंना दोन वाघ. शिल्पकार हर्बर्ट बेकर. दिल्लीच्या सचिवालयाच्या इमारती त्याच्याच. ता. ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, तेव्हां मार्शल फॉश हजर होते. २०२३ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत या युद्धाच्या ज्या स्मृतिस्थानांना घेतलें त्यांत हें एक आहे. खांबावर ईश्वर एक असून विजय त्याचाच, या अर्थाचा मजकूर इंग्रजी, हिंदी, गुरुमुखी आणि अरबी अशा चार लिपींत आहे. मराठीहि देवनागरींतच लिहिली जाते, असें म्हणून मीं आपलें समाधान करून घेतलें.

भिंतीवर चार हजार सातशेंहून अधिक नांवें आहेत. हे सर्व असे कीं ज्यांचें थडगें नाहीं व ज्यांच्या दहनाची जागाहि ठाऊक नाहीं. नांवें पलटणीवार लावलीं आहेत, म्हणून येथें शोधणें शक्य होतें. सॅपर्सचा भाग गांठून मीं कागद भिंतीशीं धरला. नांव होतें. त्याच्या खालच्याच रकान्यांत तेंच नांव पुन्हां होतें. आणि मजूर तुकड्यांच्या यादींत एकदां तिसऱ्यानें.

तिघांपैकीं आमचे कोण? भिंत त्याचें उत्तर देत नाहीं. मग युद्धथडग्यांच्या कमिशनचीं नोंदपत्रें पाहिलीं. हीं आतां घरबसल्याहि पाहतां येतात, आणि ज्या श्रोत्यांच्या घरीं अशी चकती असेल त्यांनीं तीं अवश्य पाहावीं. पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नांवापुढें तेथें बापाचें नांव, गांव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मजूर होता तो पुणें जिल्ह्याचा निघाला. सॅपरांपैकीं एकाच्या नांवापुढें कांहींच नव्हतें. दुसऱ्याच्या पुढें सातारा जिल्हा होता आणि गांवाचें नांव रोमन अक्षरांत असें लिहिलेलें होतें कीं, तें आमच्या तालुक्यांतील दोन गांवांना सारखेंच लागू पडतें. त्यांतलें एक गांव माझ्या त्या वृद्ध स्नेह्यांचें.

अंधार पडूं लागला होता आणि मला बेत्यून गांठावयाचें होतें. मीं भिंतीवरच्या तिन्ही नांवांचीं छायाचित्रें घेतलीं. परत आल्यावर तीं त्यांना दाखविलीं. त्यांनीं चष्मा लावून फार वेळ पाहिलीं आणि बापाचें नांव काय लिहिलें आहे तें विचारलें. त्यांच्या घरांत त्या पणजोबांचें नांव कोणाला आठवत नव्हतें. तें गांवच्या जुन्या खातेउताऱ्यांत मिळेल काय, हें पाहावयास आम्ही दोघे पुढच्या सोमवारीं तालुक्याच्या कचेरींत गेलों.

जातांना पाटीजवळ गाडी थांबवून मीं आंकडे उतरून घेतले. त्यांच्या गांवांतून युद्धाला गेले एकेचाळीस, मेला एक. दुसऱ्या गांवीं अजून जावयाचें आहे. तेथेंहि पाटी आहे असें कळतें.